संगमाच्या पाण्यात कयाक घालावी का?

नीरा नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याचे शेवटचे टोक. एका अंगाने उजनीतून सुटलेली भीमा, दुसऱ्या अंगाने वीरसारख्या धरणांत अडत अडत आलेली नीरा, आणि या दोघींच्या बेचक्यात गाव, घाट नि लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ. नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यातले संगम, भीमेपलीकडे माढ्यातले शेवरे. संगमाच्या डोहात वल्हे मारणारा माणूस हात दुखायच्या आत तीन तालुके आणि दोन जिल्हे फिरून येतो. दिवाळीनंतर गढूळपणा खाली बसतो, पाणी नितळते, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत नदी होडीला सोयीची राहते. अर्थात वर बंधाऱ्यांना बर्गे कधी घातले आणि उजनीतून आवर्तन कधी सुटले, यावर ती सोय अवलंबून.

कॅनडातली फ्रेझर आणि अमेरिकेतली कोलंबिया या नद्यांवर लोक हौसेने स्टर्जन धरतात, आणि त्यांतले काही हे काम ऐन थंडीत कयाकमधून करतात. एकट्याची अरुंद होडी खोल डोहावर नांगरायची, आमिष तळाला सोडायचे आणि वाट बघत बसायचे. स्टर्जन आपल्याकडे नाही. पण तळ धरून राहणारा, सावकाश वाढणारा, ज्याचे वजन मणाच्या भाषेत सांगावे असा मासा भीमेच्या खोऱ्यातही होता, तो खिरीट. त्याच्या जोडीला मोठ्या खवल्यांचा महसीर. पुण्या-मुंबईचे हौशी गळवाले आता कयाक गाडीच्या टपावर बांधून नद्या-धरणे शोधत फिरतात. ते उद्या संगमावर उतरले तर त्यांना उतरू द्यावे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘होय, पण एका अटीवर’ असे आहे. उलट बाजू मांडायला मी तात्यांना उभे केले आहे. तात्या म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. उजनीच्या काठापासून संगमापर्यंत जाळ्यावर ज्यांची चूल पेटते त्यांचे आक्षेप मी त्यांच्या तोंडी घातले आहेत, आणि ते सौम्य करून घातलेले नाहीत.

तात्या : सर, आधी एवढं सांगा, नदी कुणाची? आम्ही भोई-कोळी माणसं. धरण झालं तेव्हा आमच्या नदीचा तलाव झाला. आम्ही जाळी बदलली, होड्या बदलल्या, मासा बदलला तोही गपगुमान धरला. आता पाण्यात निम्म्याहून जास्त चिलापी. वरून तो सकर मासा आलाय, अंगाला नुसते काटे, खायच्या कामाचा नाही आणि जाळं मात्र फाडून ठेवतो. कुणी बारीक आसाचं वडाप लावून बोटाएवढी पिल्लं खरवडून नेतं, त्याला कुणी हात लावत नाही. आणि अशात तुम्ही म्हणता, शहरातला माणूस रंगीत होडी घेऊन येणार, मासा धरणार, फोटो काढणार आणि सोडून देणार. आम्हाला परवाना, आम्हाला बंदी, आम्हाला मोसम. त्याला काय? पोटासाठी मासा मारणाऱ्यानं नियम पाळायचे आणि खेळणाऱ्यानं नुसतं खेळायचं?

लेखक : तात्या, नदी खेळणाऱ्याची नाही, हे मला पहिल्याच फटक्यात मान्य आहे. तुमच्या हक्काचा मासा तो नेणार असेल तर वाद इथेच संपला. पण हौशी लोकांची नेहमीची सबब, म्हणजे ‘आम्ही मासा नेत नाही, सोडून देतो’, ही मला पुरेशी वाटत नाही. काहीच न नेणाऱ्यानेही नदीचा वेळ, जागा आणि माशाची ताकद वापरलेली असते. त्याने बदल्यात काय दिले, हा प्रश्न उरतोच. माझे म्हणणे असे की त्याच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती आज या नदीपाशी नाही. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणता मासा, किती लांबीचा मिळाला, याची वर्षानुवर्षे न चुकता ठेवलेली नोंद. ती देणार असेल तर त्याने यावे. नसेल तर त्याची हौस पवईच्या तलावावर भागू शकते. तिथे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे आणि तिचे नियम आहेत.

तात्या : नोंद? आमच्या डोक्यात आहे की सगळी. कुठल्या खडकाला खिरीट असायचा ते आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. आणि लिहिलेलंच पाहिजे असेल तर भिगवणच्या बाजारात लिलाव होतो, तिथं किलोकिलोचा हिशोब आहे.

लेखक : डोक्यातली नोंद खरी असते, पण ती माणसाबरोबर जाते. तुमच्या म्हाताऱ्यांच्या पिढीने ती सांगितली म्हणूनच आज आपल्या हातात थोडेफार आहे, आणि ते कसे आले ते पाहण्यासारखे आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्याने इथल्या नद्यांतले मासेही जमवले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. दख्खनचा महसीर आणि खिरीट हे दोन्ही मासे शास्त्राला ठाऊक झाले ते त्या वर्णनांतून, आणि त्याचे नमुने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतले होते. ते पाणी पुढे भीमेला मिळते. म्हणजे संगमावर उभे राहून आपण ज्या माशांविषयी बोलतो आहोत त्यांची जगातली पहिली लेखी ओळख याच खोऱ्यातली आहे. महसीराच्या शास्त्रीय नावातले ‘खुद्री’ हे साइक्सने इथल्या मच्छीमारांच्या तोंडून उचललेले आहे. माहिती तुमच्या लोकांची, वही त्याची. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये पुण्याच्या माशांची यादी दिली. आज कोणी म्हणाले की पुण्याच्या नद्यांतून अमुक इतके मासे नाहीसे झाले, तर ते याच जुन्या याद्यांशी ताडून म्हणता येते. यादीच नसती तर काय गेले, हेही कळले नसते.

आता लिलावाचे. बाजार विकल्या जाणाऱ्या माशाचीच नोंद ठेवतो, आणि ती वजनाने ठेवतो. खिरीट वर्षाकाठी एखादा मिळाला तर तो टोपलीत इतर माशांबरोबर जातो. सोडून दिलेला, न विकला गेलेला, बारक्या अंगाचा मासा बाजाराला दिसतच नाही. शिवाय चाळीस किलो चिलापी चार तासांत मिळाली की चार दिवसांत, हे लिलावाच्या पावतीवर नसते. नदीची तब्येत कळायची तर मिळालेल्या माशाइतकेच त्यासाठी किती वेळ गळ पाण्यात होता हेही लागते. रिकाम्या हाताने परतलेला दिवससुद्धा लिहून ठेवावा लागतो. पोटासाठी मासे धरणाऱ्याला रिकामा दिवस लिहीत बसायला सवड नसते, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. हौशी माणसाला मात्र सवड असतेच. तेवढेच तर त्याच्यापाशी मुबलक असते.

तात्या : बरं, लिहिलं. पुढं? कागदानं कुठं मासा वाढलाय?

लेखक : वाढला नाही, पण वाचवायचा कोणता ते कळले. कावेरीचे उदाहरण घ्या. कर्नाटकात गालिबोरे, भीमेश्वरी या ठिकाणी नदीकाठी गळवाल्यांचे तळ होते. महसीर धरायचा, वजन घ्यायचे, सोडायचा, आणि वहीत लिहायचे. अभयारण्यातली ही मासेमारी २०१२ च्या सुमारास बंद झाली. नंतर अभ्यासकांनी गालिबोरेच्या १९९८ ते २०१२ च्या वह्या उघडल्या. २३,००० हून अधिक तासांची मासेमारी, ६,००० हून अधिक महसीर. वरवर पाहिले तर आनंदाची बातमी, कारण दर तासाला मिळणारे मासे वाढत गेले होते. पण वह्यांत माशाची जातही लिहिलेली होती. वाढलेला होता तो निळसर परांचा महसीर, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला अवाढव्य महसीर वर्षागणिक घटत चालला होता. हा निळसर परांचा पाहुणा कुठून आला? आपल्याकडून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महसीराची पैदास होते. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ते तंत्र बसवले, आणि ते बीज चांगल्या हेतूने दूरदूरच्या नद्यांत सोडले गेले. कावेरीत ते मूळच्या माशाच्या जागेवर बसले. कुबडाच्या महसीराला २०१८ मध्ये शास्त्रीय ओळख नीट मिळाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. यात सरकारी पाहणी नव्हती, बाजाराची पावती नव्हती. हौशी लोकांनी आपल्या मोठेपणासाठी लिहिलेली वजने होती, आणि ती कामाला आली.

आणि ज्या स्टर्जनपासून आपण सुरुवात केली त्याचीही गोष्ट अशीच आहे. जगात स्टर्जनच्या उरलेल्या सगळ्या २६ जाती धोक्यात असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. शंभर वर्षे जगू शकणारा आणि मादी वयात यायला पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहून जास्त घेणारा मासा, एकदा उपसला की माणसाच्या हयातीत भरून येत नाही. फ्रेझर नदीवर पांढरा स्टर्जन घरी नेण्याला १९९४ पासून बंदी आहे. गळाने धरणाऱ्यांना मात्र हाकलून दिले नाही, त्यांना कामाला लावले. गेली पंचवीसेक वर्षे तिथले स्वयंसेवक गळवाले आणि वाटाडे धरलेल्या माशाच्या कातडीखालची तांदळाएवढी चिप यंत्राने वाचतात, नसेल तर बसवतात, लांबी मोजतात आणि सोडतात. नदीत किती स्टर्जन आहेत आणि लहान मासे कमी होत चालले आहेत की नाही, याचे अंदाज त्या नोंदींवर बांधले जातात. कयाकवाला तिथे मोजणीदार म्हणून उपयोगी पडतो.

तात्या : मोजणीदार म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, माशाच्या तोंडात लोखंड जातं ना? आम्ही मारतो ते खायला. एकदा मेला, सुटला. तुमचा माणूस त्याला दमवतो, हवेत धरतो, तोंड फाटल्यावर पाण्यात सोडतो आणि म्हणतो मी दयाळू. हा छळ नाही तर काय? माळकरी माणूस आमच्याकडं बोट दाखवतो, त्यापेक्षा ह्याच्याकडं दाखवायला पाहिजे.

लेखक : तात्या, हा तुमचा सगळ्यांत जड आक्षेप आहे आणि तो एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. माशाला इजा जाणवते याचा पुरावा आहे. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या ओठाजवळ इजा टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले. त्याला वेदना म्हणायचे का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, पण ‘माशाला काही कळत नाही’ हे जुने समाधान आता घेता येत नाही. स्वित्झर्लंडने तर तुमचीच बाजू कायद्यात घातली. तिथे सोडून देण्याच्या इराद्याने मासा धरायलाच मनाई आहे. धरलास तर खा, खायचा नसेल तर धरू नकोस. तर्क म्हणून तो चोख आहे.

तरी मी त्याच्या बाजूने जात नाही, आणि का जात नाही ते सांगतो. निव्वळ मौज हे इजेचे समर्थन होऊ शकत नाही, इथपर्यंत मी स्विस कायद्याबरोबर आहे. पण पशुवैद्य सुई टोचतो, पक्षी अभ्यासक पायात कडी घालायला पक्षी जाळ्यात धरतो, तेव्हा आपण हिशोब करतो की इजा किती आणि त्यातून त्या जातीच्या पदरात काय पडले. गळाचाही हिशोब तसाच करावा लागेल, आणि त्यात मोसमाला महत्त्व आहे. पाणी थंड असले की त्यात प्राणवायू जास्त राहतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावर पोट वर करून तरंगण्याची भीती मोठी, डिसेंबर-जानेवारीत ती पुष्कळ कमी. महसीर अंडी घालायला पावसाळ्यात वर चढतो, त्या काळात त्याला हात लावणे गुन्ह्यासारखेच मानावे. हिवाळ्यात तो फेराही चुकतो. कावेरीत सोडून दिलेल्या महसीरांवर जो अभ्यास झाला त्यात मरणारे मासे अगदीच थोडे आढळले; झुंज लांबली आणि हवेत जास्त वेळ धरले तर शीण वाढतो हेही त्यात दिसले. म्हणजे नियम सरळ आहेत. गळाला उलटा काटा नको. दोरा इतका बारीक नको की मासा अर्धा तास खेळवावा लागेल. कोरड्या हाताने धरायचा नाही, अंगावरचा बुळबुळीतपणा हेच त्याचे कवच. मोजपट्टी पाण्यालगत, फोटो एक, आणि डोके प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपूट मारेपर्यंत आधार द्यायचा. कयाक इथे मोठ्या होडीपेक्षा बरी. माणूस पाण्याच्या पातळीलाच बसलेला असतो, मासा उचलून वर घ्यावाच लागत नाही.

एवढे करूनही इजा शून्य होत नाही. म्हणून अट सैल करता येत नाही. नोंद नसेल तर तुमचा ‘छळ’ हा शब्द मला नाकारता येणार नाही.

तात्या : आणि त्या वहीत खिरीट येईल असं वाटतं तुम्हाला?

लेखक : वहीत ‘खिरीट नाही’ असे दहा हिवाळे लिहिले गेले तर तीही मोठी माहिती आहे. खिरीट डोळ्यांपुढे आणा : चपटे रुंद डोके, खाली वळलेले तोंड, राठ मिशा, खडबडीत कातडीवर काळपट पट्टे, आणि छातीचे कडक पर पसरून वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून बसण्याची सवय. त्याला धार लागते, खडक लागतो, वाळू लागते. आता भीमेचे बघा. उजनीची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. १९८० पासून संगमाला येणारी भीमा ही कालव्यासारखी सोडली-बंद केली जाणारी भीमा आहे. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी आवर्तन सुटले की ती चार दिवस नदी असते, मग बंधाऱ्यांमधले उभे पाणी. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर तर २०२४ च्या जानेवारीतच उजनी उणे साठ्यात गेली. ज्याला धार हवी त्या माशाने कुठे जावे?

तात्या : मग तेच म्हणतोय मी! दुखणं पाण्यात आहे. पुण्याची घाण मुळा-मुठेतून उजनीत, उजनीतून आमच्याकडं. नीरेला साखर पट्ट्यातली मळी. वाळूवाल्यांनी तळ खरवडला. तहसीलदार येतात, बोटी जिलेटीननं उडवतात, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या महिन्यात नवी बोट. तळ्यांत चोरून आफ्रिकेचा मांगूर पाळतात, बंदी असून. तुमचा वल्हेवाला ह्यातलं काय बंद करणार आहे? काहीच नाही. तो फक्त चांगला दिवस बघून येणार.

लेखक : तो काही बंद करणार नाही, हे खरे. सुरुंग आणि विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षांच्या कायद्याने जे थांबले नाही ते वल्ह्याने थांबणार नाही. पण तक्रार करायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय येतो? ‘आधी किती मासे होते? कधीपासून कमी झाले? पुरावा काय?’ तुमच्या बाजूने कोणी लेखी उत्तर दिले आहे का? मळी सुटली, मासे मेले, दोन दिवस वास आला, तिसऱ्या दिवशी आवर्तनाने सगळे वाहून गेले. आठ दिवसांनी नमुना घ्यायला माणूस येतो तेव्हा पाणी स्वच्छ. अशा वेळी ‘१० जानेवारीला या डोहात चार तासांत सात मासे, १७ जानेवारीला याच डोहात चार तासांत एकही नाही, पाण्यावर फेस’ असे दोन ओळींचे टिपण सही आणि फोटोसकट असेल तर ते तुमच्या तक्रारीला पाय देते. आवर्तनाचेही तसेच. पाणी किती सोडावे यावर सोलापूर, इंदापूर, करमाळा, माढा सगळे भांडतात. ऊस, पिणे, वीज यांची बाजू मांडायला माणसे आहेत. माशासाठी किमान धार किती हवी हे बोलणारा त्या बैठकीत कोणी नसतो, आणि असला तरी त्याच्या हातात आकडा नसतो.

तात्या : वही कुणाकडं राहणार? पुण्याच्या माणसाच्या बॅगेत?

लेखक : नाही. तिथेच माझी अट पूर्ण होते. वही तुमच्या मच्छीमार संस्थेकडे राहील. पाण्यात उतरण्यापूर्वी तिच्यात नाव, वेळ आणि जागा. वर आल्यावर मासे, लांबी, जात, पाण्याचा रंग, बर्गे घातलेले की काढलेले, आणि काही नाही मिळाले तर ‘काही नाही’. मासा ओळखायला सोबत तुमचा माणूस, आणि त्याचे पैसे कयाकवाल्याने द्यायचे. हे स्वप्नरंजन नाही. तुमच्याच धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ भागातले मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आलेल्यांना होडीतून नेतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. पक्ष्याला न मारता जर उत्पन्न निघते तर माशाच्या बाबतीतही निघू शकते. पाहुणा मासा, म्हणजे चिलापी किंवा सकर, लागला तर तो परत सोडायचाच नाही, तो तुमचा. सोडायचा तो इथला मासा.

तात्या : उद्या एखादा बुडाला तर? गाव निस्तरणार?

लेखक : २१ मे २०२४ ला कळाशी-कुगावच्या पाण्यात वादळात होडी उलटली आणि सहा जण गेले, हे इंदापूर आणि करमाळ्याला विसरता येणार नाही. तरंगणारे जाकीट अंगात नाही तर होडी पाण्यात नाही, आणि आवर्तनाच्या दिवसांत मुळीच नाही. यावर चर्चाही नको.

तात्या : राहिला देव. नरसिंहपूर तीर्थाचं ठिकाण. लोक घाटावर आंघोळ करणार, अस्थी सोडणार, आणि शेजारी हा गळ टाकून बसणार? देहूला इंद्रायणीत कुणी गळ टाकून दाखवा.

लेखक : इथे मी तुमच्या मागे चालतो. देहूचे देवमासे, वाड्याजवळ तिळशाच्या वैतरणेतले मासे, महाडकडे वाळण कोंडीचे मासे, हे सगळे महसीर आहेत आणि ते टिकले ते कायद्याने नव्हे, देवाच्या नावाने. जिथे धाक आणि भक्ती यांनी डोह राखला तिथे मोठा मासा उरला, हे अभ्यासकही मान्य करतात. देहूलाही वरून घाण आली की मासे मेले. तेव्हा देवाचा पहारा गळ आणि जाळे अडवू शकतो, गटार अडवू शकत नाही. पण जेवढे तो अडवतो तेवढे तरी घ्यावे. नरसिंहपूरच्या घाटासमोर आणि प्रत्यक्ष संगमाच्या डोहात गळ नाही आणि जाळेही नाही, असे गावाने ठरवावे. कयाकला वर-खाली पुष्कळ पाणी आहे. एकच लक्षात घ्या, हा नियम तुमच्यावरही येतो.

तात्या : येऊ द्या. पण मग तिन्ही काठांवर यायला पाहिजे. आम्ही थांबायचं आणि पलीकडून जाळं पडायचं, असं नको.

लेखक : बरोबर, आणि मला वाटते सगळ्यांत अवघड तेच आहे. वही, गळ, जाकीट हे सोपे. नदी दोन जिल्ह्यांची हद्द आहे, आणि अलीकडच्या काठाचा नियम पलीकडच्या काठाला लागू करणारा माणूस कोणत्याही कचेरीत बसलेला नाही. म्हणून विनंती पुणे आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांना आहे. संगमाच्या वर-खाली ठरावीक टापूसाठी दोघांनी मिळून एकच हिवाळी परवाना काढावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याची फी तिन्ही काठांवरच्या मच्छीमार संस्थांत वाटावी, देवळापुढचा डोह त्यातून वगळावा, आणि भरलेली वही दाखवल्याशिवाय पुढच्या वर्षी परवाना देऊ नये. पुण्याहून कयाक टपावर बांधून निघालेल्यांनीही हे वाचावे. असा परवाना निघेपर्यंत तुमची होडी संगमाच्या पाण्यात उतरवण्याला तात्यांचा विरोध आहे, आणि माझाही.